धुळाजींचा अंगठा

जाफराबाद, भाद्रपद वद्य १२, शके १८५४

तीर्थस्वरूप बाबांच्या पायांशी सुगंधाचा नमस्कार.

आम्ही सर्व सुखरूप आहोत. पुराची बातमी माझ्या पत्राआधी भोकरदनला पोहोचली असेल, म्हणून हे वाक्य पहिले लिहिले. आपले घर उंचवट्यावर असल्यामुळे पाणी उंबऱ्याशी येऊन परतले. नदीकाठची वस्ती मात्र उरली नाही. पूर्णेने एका दुपारी दोनशे घरे नेली. ती माणसे सध्या शाळेत आणि देवळाच्या ओवऱ्यांत राहतात. आपली साठ मेंढरे काठच्या वाड्यात कोंडलेली होती, तीही गेली.

पत्र लिहिण्याचे कारण दुसरे आहे. पूरग्रस्तांसाठी सरकारने येथे मदत-कचेरी उघडली आहे. थंडीपूर्वी दीडशे घोंगड्या हव्या आहेत, अशी दवंडी झाली. परंतु ज्याच्या दुकानाचे नाव कचेरीच्या यादीत असेल त्याच्याकडूनच त्या घेणार, आणि यादी आश्विन शुद्ध पंचमीस बंद होणार. आपल्या आळीत आठ माग आहेत. हे काम मिळाले तर आठही घरांची लोकर वर्षभर खपेल. न मिळाले तर मेंढरांमागून मागही जातील. गिरणीच्या पातळ कांबळ्यांचा एक व्यापारी यादीत नाव लावून बसलासुद्धा.

घरात कोणी कचेरीची पायरी चढलेले नाही. ह्यांचे धाकटे चुलते कचरूकाका म्हणतात, "कागद मागायला गेलं की कागदच मानगुटीवर बसतो. मला मेंढराचं भ्याव न्हाई, लांडग्याचं न्हाई, पर शिक्क्याचं भ्याव वाटून राह्यलं." सगळे हसले, परंतु हे हसले नाहीत. तुम्ही साऱ्या तालुक्याचे अर्ज लिहिता. आमचाही लिहून द्यावा.

आपली,
सुगंधा

—

भोकरदन, भाद्रपद अमावास्या, शके १८५४

चि. सौ. सुगंधा हीस आशीर्वाद.

पत्र पावले. सर्व सुखरूप आहेत हे वाक्य पहिले लिहिलेस, ते बरे केलेस. दुसरे वाक्य वाचण्यापूर्वी मला चष्मा पुसावा लागला.

सोबत अर्ज पाठवीत आहे. मराठी व उर्दू अशा दोन्ही प्रती आहेत. त्यातील एकही शब्द कोणी बदलू नये. मी शाळेत पंचवीस वर्षे आणि या कचेरीसमोरच्या निंबाखाली सतरा वर्षे अशी बेचाळीस वर्षे लिहीत आलो आहे. माझ्या हातचा एकही अर्ज 'अपुरा' असा शेरा घेऊन परत आलेला नाही.

दुकानाचे नाव 'धुळाजी रायभान, घोंगडीवाले' असेच ठेवले आहे. व्याही धुळाजी यांना जाऊन सहा वर्षे झाली, तरी बाजारात गिऱ्हाईक आजही "धुळाजीची घोंगडी दाखवा" असेच म्हणते. बाप गेला म्हणून मुलगा दुकानाचे नाव पुसत नाही, ही आपली रीत आहे. धुळाजी या नावाआधी 'कैलासवासी' लिहावे का, असा विचार क्षणभर मनात आला होता. परंतु चालत्या दुकानाला कोणी कैलासवासी म्हणत नाही. ते अशुभ दिसले असते, म्हणून लिहिले नाही.

अर्ज जावई रायभानराव यांनी स्वतः न्यावा आणि विचारले तेवढेच बोलावे. कचरूस सोबतीला न्यावे, परंतु बोलू देऊ नये. मी स्वतः आलो असतो. मात्र केळणा नदी ओलांडायचा उतार वाहून गेला आहे आणि माझे गुडघे त्याच्याही आधी गेले आहेत.

तुझा पिता,
पुंजाराम

—

जाफराबाद, आश्विन शुद्ध ९, शके १८५४

तीर्थस्वरूप बाबांस नमस्कार.

नाव नोंदले गेले. शेवटच्या दिवशी, दुपारी. अंगठाही झाला आणि शिक्का बसला. दीडशे घोंगड्यांचा हुकूम आपल्याच दुकानाला मिळाला. मार्गशीर्ष लागण्यापूर्वी द्यायच्या आहेत. आठही माग सुरू झाले. अंगणात लोकर वाळते आहे आणि आळीभर चिंचोक्याच्या खळीचा वास भरला आहे. हे सर्व तुमच्या अर्जामुळे झाले, असे लोक म्हणतात.

तुम्हांला कळवण्यासारखे एवढेच.

ह्यांना जेवण जात नाही. दोन घास घेऊन उठतात. कचरूकाका बाहेर कोणाच्या वहाणा वाजल्या की परसात जाऊन उभे राहतात. काल डाकवाला आला, तेव्हा ते मेंढरांच्या रिकाम्या गोठ्यात शिरले आणि तो गेल्यावरही बराच वेळ बाहेर आले नाहीत. सासूबाई अंधार पडला तरी सूत कातत बसतात. पुराचा धसका असेल.

बाबा, सरकारी यादीत एकदा झालेली नोंद पुन्हा बदलता येते का? सहज विचारते आहे.

आपली,
सुगंधा

—

भोकरदन, आश्विन शुद्ध १३, शके १८५४

चि. सौ. सुगंधा हीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील शेवटचा प्रश्न सहज विचारलेला नाही.

"अंगठाही झाला," असे तू लिहितेस. रायभानराव सही करतात. लग्न ठरले तेव्हा, सही न येणाऱ्या मुलाला मुलगी देणार नाही, असे मी सांगितले होते. मग याच ओट्यावर बसवून आठ दिवसांत त्यांना सही शिकवली होती.

मग अंगठा कोणाचा?

उत्तर उलट टपाली पाठव. कोणाला विचारत बसू नकोस. मी तीन दिवस निंबाखाली बसतो आहे. लोक आपली गाऱ्हाणी सांगतात आणि मला त्यांतील शब्द ऐकू येत नाहीत.

पुंजाराम

—

जाफराबाद, आश्विन वद्य ३, शके १८५४

तीर्थस्वरूप बाबांस नमस्कार.

अंगठा कचरूकाकांचा आहे. परंतु तो त्यांच्या नावापुढे नाही.

घडले ते असे. त्या दिवशी कचेरीत रांग होती. ह्यांच्या पुढे एक तेली उभा होता. त्याच्याही कागदावर गेलेल्या बापाचे नाव पहिले होते. कारकून त्याला म्हणाला, "मालिक मर गया तो वारिस का कागज लाओ." वारसाचा कागद तालुक्याहून यायला चार महिने लागतात. तेली हात जोडत राहिला. कारकुनाने त्याचा अर्ज बाजूला सारला आणि पुढच्याला बोलावले. पुढचे हे होते.

कारकुनाने तुमचा अर्ज वाचला, मान डोलावली आणि विचारले, "पहला नाम धुळाजी. धुळाजी किधर है?"

हे तेल्याच्या बाजूला सारलेल्या अर्जाकडे पाहू लागले. मागे गिरणीच्या कांबळ्यांचा तो व्यापारी उभा होता. तो म्हणाला, "काय झालं रे? तुझा मालक मेंढरं राखायला गेल्ता का काय?" लोक हसले. तेवढ्यात कचरूकाका पुढे झाले आणि म्हणाले, "मीच धुळाजी."

झाले. शाईत बोट बुडवले आणि अंगठा उठवला. दोघे घरी आले. मग काका म्हणाले, "रायभान, आता मी जित्ता का मेलेला, ते तूच सांग."

मी हे तुमच्यापासून लपवले. अर्ज तुमच्या हातचा असल्यामुळे तुम्हांला काही होईल, अशी भीती वाटली.

आता पुढचे सांगते. कार्तिक शुद्ध पंचमीस तपासणीस येणार आहेत. माग पाहणार आणि मालकाचे घरदार, बायको-मुले लिहून घेणार. खोट्या नावाने हुकूम घेणाऱ्याला दोन वर्षे सक्तमजुरी, असे चावडीवर बोलतात. कचरूकाकांनी धुळाजी म्हणून उभे राहायचे ठरले आहे. त्यांची बायको कधीच वारली, आणि मूल नाही. परंतु धुळाजींची बायको घरातच आहे, आणि तिचे कपाळ सहा वर्षे उघडे आहे.

सासूबाईंनी त्या एका दिवसापुरते कुंकू लावावे आणि बांगड्या भराव्यात, असे ह्यांचे म्हणणे आहे. ते तोंडाने बोलले नाहीत. मला सांगितले, तू विचार. मी अजून विचारलेले नाही. त्या सूत कातत बसल्या म्हणजे मी समोर जाऊन बसते आणि उठून येते.

बाबा, काय करू ते लिहा.

सुगंधा

—

भोकरदन, कार्तिक शुद्ध १, शके १८५४

चि. सौ. सुगंधा हीस आशीर्वाद.

तुझे पत्र मला कालच मिळाले. उतारावरची डाक अकरा दिवस अडकून पडली होती.

विहिणीस काहीही विचारू नकोस. विचारले असल्यास माझ्या नावाने क्षमा माग.

या प्रकरणातील पहिली चूक माझी आहे. दुकान चालते आहे, एवढेच मी पाहिले. माणूस हयात आहे की नाही, हे कचेरी पाहते. मी सतरा वर्षे कचेरीच्या दारात बसतो, तरी व्याह्यांचे नाव लिहिताना मी बाजारातल्यासारखे लिहिले. 'मयत' हा एक शब्द आणि वारसाची एक ओळ घातली असती, तर रायभानरावांना त्या रांगेत गप्प उभे राहावे लागले नसते. फार तर काम गेले असते. आता माणूस जातो आहे.

म्हणून मी काल एक गोष्ट केली. मदत-कामाचे मोठे साहेब जालन्यास बसतात. त्यांच्या नावे मी रजिस्टर टपालाने जबाब पाठवला. त्यात असे लिहिले आहे की, 'थोरल्या भावाच्या पश्चात धाकट्याने त्याच्या नावाने अंगठा करण्यास कायद्याची हरकत नाही, असे कचरू वल्द रखमाजी यास मी सांगितले. त्याने माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला. दोष माझा आहे.'

हे खरे नाही, हे तुला ठाऊक आहे. कागदावर मी आजवर खोटे वाक्य लिहिलेले नव्हते. ते लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले, याचीच मला भीती वाटली.

तपासणीस आले की सर्वांनी एवढेच म्हणावे: "भोकरदनच्या पुंजाराम मास्तरांनी सांगितले, म्हणून केले." याहून एक शब्द जास्त नको. सगळ्यांचे बोलणे जुळले पाहिजे. जुळले तर कचरू सुटेल आणि मला बोलावतील. माझे वय एकाहत्तर आहे. मला सक्तमजुरी देऊन सरकारला फारसा उपयोग होणार नाही.

पुंजाराम

—

जाफराबाद, कार्तिक शुद्ध ४, शके १८५४

तीर्थस्वरूप बाबांस नमस्कार.

तुमचे पत्र आज संध्याकाळी आले. तपासणीस काल सकाळीच येऊन गेले. दोन दिवस आधी.

मी सासूबाईंना विचारले होते, बाबा. तुमचे पत्र वेळेवर न आल्यामुळे विचारले. त्यांच्यापुढे कुंकवाचा करंडा ठेवला आणि मान खाली घालून बसले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सूत कातायची चात थांबवली आणि म्हणाल्या, "लावायला काय लागतं गं? बोटभर कुंकू. पर साहेब गेला की मंग पुसावं लागंल ना? एकदा पुसलं तव्हा चार बायांनी मला धरल्तं. आता कोण धरील? तू?"

करंडा मी उचलून ठेवला. मग काय बोलायचे, हे ठरवायला वेळच मिळाला नाही. दारात घोडा थांबला.

कचरूकाकांनी घाईने मामंजींचा फेटा बांधला. तपासणीसांनी माग पाहिले, घोंगडी हाताने ताणून पाहिली आणि खुशीने म्हणाले, "माल पक्का है." मग वही उघडली. "धुळाजी तू?" काका "हाव" म्हणाले. "बीवी कौन?"

तेव्हाच सासूबाई लोकरीची पाटी घेऊन बाहेर आल्या. कपाळ होते तसेच होते. तपासणीसांनी त्यांच्याकडे पाहिले, मग काकांकडे. "ये तेरी बीवी?"

बाबा, तिथे नुसते "हाव" म्हणायचे होते. कचेरीत "मीच धुळाजी" म्हणणाऱ्या माणसाला तेवढे जड जायला नको होते. परंतु काकांनी पायांतल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "न्हाई साहेब. वहिनी हाय माझी. मला पोटच्या पोरावानी वाढवलं तिनं. तेवढं मला बोलायला लावू नका."

मग सासूबाईंनीच सगळे सांगितले. माझा मालक सहा वर्षांमागं गेला; त्याचं नाव दुकानाला ठेवलं; रांगेत पोरं भेली आन् हा बोलला. तुमचे नाव त्यांनी घेतले नाही. "मास्तरांनी अर्ज लिहून दिला, अंगठ्याचं त्यांना काय ठावं न्हवतं," असे उलट स्पष्ट सांगितले. तपासणीसांनी ते शब्दशः लिहून घेतले, कोऱ्या कागदावर काकांचा अंगठा घेतला आणि वही जालन्याला धाडली. मार्गशीर्षाआधी काकांनी जालन्यास हजर व्हायचे आहे. ते हजर होतील याबद्दल ह्यांना हाजिर-जामीन राहावे लागले.

आता तुमचा जबाब एक सांगतो आणि सासूबाईंचा दुसरा. दोन्ही एकाच मेजावर जाणार. तुम्हांला वाचवण्यासाठी त्या खरे बोलल्या आणि आम्हांला वाचवण्यासाठी तुम्ही खोटे लिहिले. तुमचा जबाब परत घेता येत असेल तर घ्या. ह्यांनी कालपासून मागाला हात लावलेला नाही. बाकीचे सात माग चालू आहेत, कारण थांबवायचे कसे, हे कोणाला कळत नाही.

सुगंधा

—

जालना, कार्तिक वद्य ७, शके १८५४

चि. सौ. सुगंधा हीस आशीर्वाद.

हे पत्र कचरूच्याच हाती देत आहे. तो सुटला, हे आधी लिहितो.

रजिस्टरने गेलेला जबाब परत घेता येत नाही. म्हणून मी स्वतः आलो. उतारावरून मला दोन गुराख्यांनी उचलून आणले. कचरू कचेरीच्या ओट्यावर बसलेला होता. मला पाहून म्हणाला, "मास्तर, तुमी कशापायी आलात? मी एकटा गेलो असतो की." माझे गुडघे थरथरत होते. थंडीमुळे, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "माझे बी थंडीनंच."

साहेबांच्या मेजावर दोन्ही कागद शेजारी-शेजारी होते. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. ती घेण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यांनी विचारले, "यांतला खरा कोणता?"

मी बोलणार, तेवढ्यात कचरू म्हणाला, "साहेब, मास्तरानं मला कायबी सांगितलं न्हाई. ते तव्हा भोकरदनात होते. मी भेलो, आन् बोललो. मला धाडा कुठं धाडायचं ते, पर म्हाताऱ्याला घरी जाऊ द्या."

अंगठ्याने आपले नाव खोटे सांगणारा माणूस तिथे खरे बोलला. आणि मी, ज्याला लोक शब्दाचा पक्का म्हणतात, तो कचरूच्या शेजारी गप्प उभा होतो. मग मी म्हणालो, "त्या बाईंचा जबाब खरा आहे. माझा खोटा आहे, आणि तो मी जाणून लिहिला."

साहेबांनी बराच वेळ काही लिहिले. लेखणीचा आवाज ऐकताना मला जेवढी भीती वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. तुझी आई गेली त्या दिवसाचीच काय ती बरोबरी होईल.

निकाल असा. कचरूने लाभासाठी नव्हे, भीतीने हे केले, आणि घरच्याच बाईने विचारल्याबरोबर खरे सांगितले, म्हणून त्याला ताकीद देऊन सोडले. 'धुळाजी रायभान' हे नाव यादीतून काढले. माझी अर्ज लिहिण्याची सनद रद्द झाली. ती कापडात गुंडाळून मी सोबत आणलीच होती, मेजावर ठेवली. यापुढे माझ्या हातचा कागद कोणत्याही सरकारी कचेरीत घेतला जाणार नाही.

घोंगड्यांविषयी साहेब म्हणाले, माल चांगला आहे आणि थंडी थांबणार नाही. परंतु बिननोंदीच्या दुकानाकडून त्यांना घेता येत नाही. हयात मालकाच्या नावाने नवा अर्ज कार्तिक अमावास्येपर्यंत आला, तर मदत-कामापुरता वारसाच्या कागदाचा आग्रह ते धरणार नाहीत. न आल्यास हुकूम गिरणीच्या कांबळ्यांना जाईल. दुकान कोणाच्या नावे करावे, असे मी कचरूला विचारले. तो म्हणाला, "वहिनीच्या. आमच्यात न भेलेलं तेवढंच एक माणूस हाय." रायभानरावांना हे पसंत पडेल, असे मला वाटते. न पडल्यास पाडावे.

तर अर्ज विहीण गोजरबाई धुळाजी यांच्या नावाने जाईल. तो दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेऊ नकोस. हे प्रकरण आता तालुक्यात सर्वांना माहीत आहे, आणि कोणी त्यात हात घालणार नाही. तू लिही. मराठीत लिहिलेला चालेल, असे मी विचारून घेतले आहे. कोण हयात आहे आणि कोण नाही, हे पहिल्या ओळीत येऊ दे. पुढे काय लिहावे, ते मी सांगत नाही.

मला तपासण्यासाठी पाठवू नकोस. मी त्यातील एक शब्द बदलला, तरी तो माझ्या हातचा कागद होईल, आणि शाळेतली ती पूरग्रस्त माणसे थंडीत उघडी राहतील. एखादी चूक राहिली, तर राहू दे.

कचेरीतही तूच जा. तो व्यापारी तिथे असेल आणि काहीतरी बोलेल. रांगेत दुसरी बाई नसेल. भीती वाटेल, मला इथे बसून वाटते आहे. विहिणीचा हात धर आणि उभी राहा.

तुझा पिता,
पुंजाराम